योगराज नानांचे चार नमुने

नूतनला पाहायला मी धरणगावला गेलो, तेव्हा मला आधी मुलगी दाखवली नाही. दाखवली ती दाताच्या डॉक्टरची खुर्ची. वीतभर उंचीची. माझे होणारे सासरे योगराज नाना यांनी ती पाटावर ठेवली, मागची कळ दाबली, खुर्चीची पाठ सावकाश मागे झुकली आणि नाना मला म्हणाले की आता पेशंटनं 'आ' करायचा. मी केला. शेजारी बसलेल्या माझ्या वडिलांनी मान खाली घातली. पोहे घेऊन ती आली तेव्हाही माझं तोंड उघडंच होतं, असं नूतन गेली सत्तावीस वर्षं सगळ्यांना सांगते. ते खोटं आहे. तोपर्यंत मी मिटलं होतं.

नाना धुळ्याच्या एका कारखान्याचे फिरते एजंट होते. दवाखान्याचं सामान बनवणारा कारखाना. आता तिथे मंगल कार्यालय आहे. जुन्या काळी त्या कारखान्याच्या मालकाला एक प्रश्न पडला होता. तालुक्याच्या डॉक्टरला पलंग दाखवायचा कसा? छापील चित्रातला पलंग खालीवर होत नाही, आणि खरा पलंग एसटीच्या टपावर टाकून गावोगाव नेता येत नाही. त्यावर कारखान्यातल्या निंबा मिस्त्रीनं उपाय काढला. त्यानं खऱ्या सामानाचे हुबेहूब छोटे नमुने घडवले. एक हातभर लांबीचा पलंग, एक ऑपरेशनचं टेबल, एक बाळंतपणाचं टेबल आणि ती खुर्ची. पितळेचे स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढे. पलंगाच्या पायथ्याला काडीएवढा दांडा. तो फिरवला की डोक्याकडची बाजू वर येते, दुसरा फिरवला की गुडघ्यांकडची. अशा पलंगाला फाउलर म्हणतात, हे मला साखरपुड्याआधी कळलं होतं. बायकोला गोड आवडतं की तिखट, ते नंतर कळलं.

बावीस वर्षांच्या नानांच्या हातात हे चार नमुने पत्र्याच्या पेटीत घालून दिले गेले आणि पुढची सव्वीस वर्षं नाना साक्रीपासून यावलपर्यंत फिरले. पेटी मांडीवर. एसटीत कितीही गर्दी असो, पेटी खाली ठेवायची नाही. एकदा साक्रीला बाजाराच्या दिवशी त्यांनी स्टँडवर पेटी उघडून स्क्रूंना तेल घातलं, तर भोवती गर्दी जमली. एका बाईनं खुर्ची कितीला म्हणून विचारलं, तिच्या मुलीच्या बाहुलीसाठी. दुसरा कोणी हसला असता. नानांनी तिला गंभीरपणे समजावलं की हा नमुना आहे, माल मोठ्या मापाचा येतो, ऑर्डर दिल्यापासून तीन आठवडे लागतात आणि दात काढायचा परवाना असेल तरच त्याचा उपयोग. ती बाई त्यांना काय म्हणाली ते नाना सांगत नाहीत.

माल त्यांनी मात्र चिकार विकला. खानदेशातले निम्मे म्हातारे आपण विकलेल्या पलंगांवर गेले आणि निम्मी पोरं आपल्या टेबलांवर जन्मली, असं ते अभिमानानं सांगतात. ऐकणाऱ्याला कोणता चेहरा करावा ते कळत नाही.

यातून त्यांना एक खोड लागली. आजाऱ्याला भेटायला गेले की ते आजाऱ्याकडे बघत नाहीत, पलंगाकडे बघतात. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा लोक मोसंबी घेऊन आले, नाना पान्हा घेऊन आले. कसं वाटतंय हेही न विचारता पलंगाखाली शिरले. खालून आवाज आला की हा स्क्रू कोणी गाढवानं बसवलाय. मग त्यांनी दांडा फिरवून पाहिला. ताज्या टाक्यांसकट मी पोटात दुमडला गेलो. मी ओरडलो, नर्स धावली, आणि नाना पलंगाखालून समाधानानं म्हणाले की आवाज गेला बघा. पलंगाचा गेला होता. माझा वाढला होता.

तेव्हा रागाच्या भरात मी म्हणालो होतो की तुमची ती खेळणी भंगारात घाला. नाना तीन महिने माझ्याशी बोलले नाहीत. जावयाशी अबोला धरणारा सासरा आमच्याकडे विरळाच. दिवाळीला त्यांनी माझ्यासाठी कपडे घेतले, पण नूतनच्या हाती दिले.

कारखाना बंद झाला तेव्हा मालकानं पेटी नानांनाच दिली. नाना महिन्यातून एकदा नमुने काढतात, पुसतात, दांडे फिरवून बघतात आणि परत ठेवतात. कोणाच्या हातात देत नाहीत. पलंगाच्या पोटाखाली बारीक अक्षरांत 'निंबा' असं कोरलेलं आहे. कारखान्याच्या पाटीवर, बिलावर, कॅलेंडरवर मालकाचं नाव असायचं. मिस्त्रीनं आपलं नाव फक्त इथे, कोणाला दिसणार नाही अशा जागी घातलं. मिस्त्री जाऊनही तीस वर्षं झाली. एवढं काम केलेल्या माणसाचं नाव कुठेच कसं नाही, हे नानांचं एक दुखणं होतं. त्याला ना पलंग उपयोगी, ना पान्हा.

आणि मागच्या वर्षी त्या दुखण्यावर औषध चालून आलं. धुळ्याच्या एका मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या डॉ. प्रज्ञा बिऱ्हाडे यांना कोणीतरी नानांबद्दल सांगितलं. त्या कॉलेजात जुन्या वैद्यकीय सामानाचं छोटं संग्रहालय करत होत्या. धरणगावला आल्या, जमिनीवर बसल्या आणि दोन तास त्या चार नमुन्यांपुढून उठल्या नाहीत. खुर्चीपुढे त्यांनी न सांगता 'आ' केला, तेव्हाच नानांनी त्यांना मनातल्या मनात मुलगी मानलं असावं. ठरलं असं की काचेचं एक कपाट होईल, मधोमध पलंग, बाजूला बाकीचे तीन, आणि खाली पितळी पाटी: घडवणार निंबा मिस्त्री, जपणार योगराज नाना. पलंग हवाच, असं बाईंनी दोनदा सांगितलं. कारागिराचं नाव कोरलेला असा दुसरा नमुना त्यांनी पाहिला नव्हता. त्या दिवसापासून नाना पाटीवरची अक्षरं केवढी असावीत यावर फोन करून करून आम्हाला हैराण करत होते.

नेमकं त्याच महिन्यात माझ्या मुलीचं, ऋतिकाचं, लग्न होतं. मुलगा यावलचा, योगेंद्र, घरी केळीची बाग. लग्न जळगावला. लग्नघराला कुलूप म्हणजे चोरांना आमंत्रण, म्हणून नाना पेटी घेऊन कार्यालयात आले आणि वधूपक्षाच्या खोलीत कॉटखाली ठेवली. सोमवारी धुळ्याला नेऊन द्यायची होती. मध्ये फक्त रविवार होता. रविवारी लग्न होतं.

रुखवत मांडायचं काम नानांच्या बहिणीकडे, साक्रीच्या बेबाबाईंकडे होतं. बेबाबाईंचा हात कामाला चांगला आणि डोकं त्याहून वेगवान; हात पोचायच्या आधी निर्णय झालेला असतो. रुखवतासाठी करून आणलेलं थर्माकोलचं देऊळ टेम्पोतच मोडलं होतं, टेबलाच्या मधोमध केवढी तरी जागा रिकामी, आणि वरपक्षाच्या गाड्या दारात. त्या खोलीत आल्या, कॉटखालची पेटी ओढली, उघडली. नंतर मी जाब विचारायला गेलो तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं, "पेटीमा भातुकली दिसनी, मी मांडी दिधी. टेबल आते कसं भरेल दिसस!"

दिसत होतंच. एका बाजूला साखरेची तुळस, दुसऱ्या बाजूला लोकरीचे ससे, आणि मधोमध बाळंतपणाचं टेबल. पाय ठेवायच्या कड्यांसकट.

मी ते पाहिलं आणि मला घाम फुटला. वराकडच्या बायका रुखवतापाशी जमल्या होत्या. रुखवत बारकाईनं पाहायचं, नंतर वर्षभर त्याबद्दल बोलायचं, हा त्यांचा हक्क. मुलाची आई, ताईबाई, सगळ्यांत पुढे. त्यांनी त्या टेबलाकडे बोट दाखवून हे काय, असं विचारलं. मी चहाची सोय कुठे आहे त्याबद्दल काहीतरी बोलू लागलो. तेवढ्यात मागून नाना आले.

त्या क्षणी नानांनी नुसतं म्हणायचं होतं की हे चुकून मांडलं गेलंय. एक वाक्य. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. ते वाक्य ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं. पण समोर बायकापुरुष मिळून पन्नास माणसं, नमुने मांडलेले, आणि कोणीतरी विचारतंय की हे काय. अठ्ठावीस वर्षांत एवढ्या लोकांसमोर त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं. माझा सासरा माझ्या डोळ्यांदेखत पन्नास वर्षांनी लहान झाला.

त्यांनी सुरुवात टेबलापासूनच केली. कड्या कशा बाहेर काढायच्या, उंची कशी ठेवायची, डॉक्टरीणबाईंची कंबर कशी वाचते. बायका पदराआड हसायच्या बंद होऊन ऐकू लागल्या. मग ऑपरेशनचं टेबल डावीकडे कलवलं, उजवीकडे कलवलं. खुर्ची मागे केली तेव्हा योगेंद्रच्या काकांनी 'आ' केला. पलंगाला तर टाळी पडली. काकांनी मोठा माल कितीला बसेल असं विचारलं आणि नाना बोलून गेले की तीन आठवड्यांत रेल्वेनं पोचता करू. कारखाना जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती. अंतरपाट धरायला मामा सापडेनात, कारण मामा डोक्याकडची बाजू किती अंश उचलली जाते ते ऐकत उभे होते. भटजींनी माइकवरून वधूच्या आजोबांना प्रात्यक्षिक थांबवण्याची विनंती केली.

ताईबाई भारावल्या होत्या. लोक रुखवतात लाडू मांडतात, ससे मांडतात. या आजोबांनी नातीच्या बाळंतपणापर्यंतचा विचार केला, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं आणि नानांच्या पाया पडल्या. भीड भिकेची बहीण म्हणतात. नाना हात जोडून उभे राहिले. संध्याकाळी लोकरीच्या सशांबरोबर चारही नमुने यावलला गेले.

सोमवारी नाना धुळ्याला गेले नाहीत. डॉ. प्रज्ञांना त्यांनी सांगितलं की तब्येत बरी नाही, आणि दोन दिवसांत ते खरंही झालं. जेवेनात. पाटीबद्दलचे फोन बंद झाले, तेव्हा आम्हाला काळजी वाटू लागली. धरणगावला गेलो तेव्हा नूतन मला म्हणाली की यावलला जाऊन नमुने आणा. मी साफ नाही म्हणालो. रुखवतात मांडून दिलेली वस्तू मुलीच्या सासरी जाऊन परत मागायची, म्हणजे उद्या मुलगीही परत मागाल का, असं कोणीही विचारेल. मी मुलीचा बाप. माझ्या तोंडून ते निघणार नाही. पत्र्याच्या एका पेटीपायी माझ्या मुलीला आयुष्यभर टोमणे ऐकावे लागले तर? मी बराच आवाज चढवला. सगळं ऐकून घेतल्यावर नाना बारीक आवाजात म्हणाले की गाडी तेवढी चालवा, मागीन मी.

तेव्हा गेलो. तापीचा पूल ओलांडेपर्यंत नाना रिकामी पेटी मांडीवर घेऊन वाक्य घोकत होते. 'चुकून' हा शब्द आधी घ्यावा की नंतर, याचाच खल. यावलला वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांचा बेत होता. नानांनी केळीचा भाव विचारला. उन्हाळा कसा आहे ते विचारलं. बागेला पाणी पुरतं का ते विचारलं. मग पुन्हा केळीचा भाव विचारला. मी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला, तर त्यांनी माफ करा म्हणून पाय मागे घेतला. बट्टी ताटात तशीच. ऋतिका हे सगळं पाहत होती. तिला पेटीची गोष्ट माहीत होती. लग्नात ती बिचारी पिवळी साडी नेसून बसली होती, उठून काय करणार? तिनं आजोबांना हाताला धरून उठवलं आणि म्हणाली की आधी देवाला नमस्कार करून या.

देवघरात नाना गेले आणि बाहेर येईनात. मी मागून गेलो.

देवघरात मधोमध फाउलर पलंग होता. त्यावर लाल मखमलीची गादी, दोन उश्या, जरीचं पांघरूण, आणि पांघरुणात ताईबाईंचा पितळी बाळकृष्ण. ताईबाई मागे उभ्या राहून कौतुकानं सांगत होत्या की आजवर देवाला आडवा ठेवूनच नैवेद्य दाखवावा लागायचा, मनाला बरं वाटायचं नाही. आता जेवणाच्या वेळी दांडा फिरवून देवाला बसतं करतात, जेवण झालं की दुपारचं झोपवतात. गल्लीतल्या बायका नैवेद्याच्या वेळेला मुद्दाम येतात. फक्त दोन दिवसांपासून दांडा जड चाललाय.

नाना गुडघ्यांवर बसले. शहात्तर वर्षांचे गुडघे, दोन्ही वाजले. त्यांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि मला वाटलं आता रडतात. पण ते म्हणाले की देव उलटा झोपलाय.

खरंच. बाळकृष्णाचं डोकं पायथ्याकडे होतं. इतके दिवस दर दुपारी ताईबाई देवाला बसतं करत होत्या, म्हणजे प्रत्यक्षात पाय वर आणि डोकं खाली करत होत्या. रक्तदाब उतरलेल्या पेशंटला असं ठेवतात, नानांनी माहिती पुरवली. ताईबाईंनी दोन्ही गालांवर हात मारून घेतले आणि देवाची माफी मागितली. नानांनी बाळकृष्णाला दोन्ही हातांत घेतलं. फार हळू. उशी फिरवली, त्याचं डोकं नीट ठेवलं, मानेखाली उशी आहे ना ते बोटानं चाचपून पाहिलं, पांघरूण सारखं केलं. शिलाई मशीनचं तेल मागवून दांड्याला दोन थेंब घातले. आणि दांडा इतका सावकाश फिरवला, इतका सावकाश, की देव कधी बसता झाला ते कळलं नाही. त्याच्या तोंडाकडे पाहत फिरवला, दांड्याकडे नाही. मला माझे टाके आठवले आणि क्षणभर देवाचा हेवा वाटला.

ताईबाईंच्या कानात ऋतिकानं काय सांगायचं ते एव्हाना सांगितलं होतं. त्या आत गेल्या आणि बाकीचे तीन नमुने जुन्या साडीत गुंडाळलेले घेऊन आल्या.

"नाना, हे चुकून आलेलं हाये, मले माहीतच नव्हतं. हे तिन्ही घेऊन जा. पलंगाचं तुम्ही सांगा. तुम्ही म्हनत असान तं देवाले उठवते मी, काही वाईट वाटून घेनार नाही." असं म्हणत त्यांनी देवाच्या पांघरुणावर हात ठेवला.

मी नानांकडे पाहिलं. आता काहीच मागायचं नव्हतं, फक्त हो म्हणायचं होतं. त्या पलंगावाचून कपाटाचा मधला भाग रिकामा राहणार होता आणि निंबाचं नाव पुन्हा कोणाला दिसणार नव्हतं. नानांना हे माझ्याहून जास्त कळत होतं. त्यांनी पलंगाखाली हात घालून ती कोरलेली अक्षरं अंगठ्यानं एकदा चाचपली.

"राहू द्या," नाना म्हणाले, "त्याची झोप मोडू नका."

मग त्यांनी ताटातली थंड झालेली बट्टी संपवली आणि आणखी एक मागून घेतली.

परत येताना तीन नमुन्यांची पेटी त्यांच्या मांडीवर होती. मला काहीतरी बोलायचं होतं. मी त्यांना खेळणी म्हणालो होतो त्याची मला लाज वाटत होती, आणि या माणसाचा जावई असल्याचा, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच, अभिमान वाटत होता. पण जावयाला असलं बोलायची सवय नसते. मी गाडी हळू चालवली, खड्डे टाळत. नाना खिडकीबाहेर केळीच्या बागांकडे बघत होते. मध्येच, मी काही विचारलेलं नसताना, म्हणाले की एवढे पलंग विकले, पण ऑर्डर घेऊन पुढच्या गावाला जायचं, त्यामुळे प्रत्येक पलंग मी रिकामाच पाहिला. निंबानंही रिकामाच पाहिला.

तेवढ्यात डॉ. प्रज्ञांचा फोन आला. नानांना कमी ऐकू येतं, म्हणून मी तो स्पीकरवर टाकला. तब्येत कशी आहे, बाईंनी विचारलं, आणि कपाट तयार झाल्याचं सांगितलं. नाना म्हणाले की उद्या येतो, तीन घेऊन येतो, चौथा देता येणार नाही.  बाईंनी जपून विचारलं की पलंगाला काही झालं का, मोडला का, हरवला का.

"नाही मॅडम," नाना म्हणाले, "पलंग रिकामा नाही. पेशंट आहे."

पेशंट कधीपर्यंत आहे, असं बाईंनी विचारलं. नानांनी पेटीवर हात ठेवला आणि सांगितलं की त्याला डिस्चार्ज नसतो.